‘बोर्डावर जास्त पैसे कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण इतके सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : नव्या डेस्कटॉप संगणकासाठी बी६५० बोर्ड (मदरबोर्ड), एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅम सुचवून मी विद्यार्थ्यांना नाहक खर्चात पाडतो; अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या पुतण्याचे काम स्वस्त एच६१० बोर्ड, इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि जुन्या पिढीच्या डीडीआर४ रॅमची १६ जीबीची एक स्टिक एवढ्यात भागेल; आणि ‘पुढे प्रोसेसर बदलता येईल’ हे कारण फक्त दुकानदाराच्या सोयीचे आहे, कारण प्रत्यक्षात तो कोणी बदलतच नाही.

आधी आपल्या यादीतील एक गोष्ट, कारण ती खरेदीपूर्वीच सांगायला हवी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात. आपल्या यादीत वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणजे बोर्डावर एचडीएमआय पोर्ट असूनही मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. साधा आय५-१२४०० घ्यावा, मग हा प्रश्न उरत नाही.

त्या प्रोसेसरच्या ताकदीबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. सहा कोअर आणि बारा थ्रेड १२४०० आणि ७६०० या दोन्हींकडे आहेत, आणि कॉलेजच्या प्रोग्रामिंगला १२४०० पुरून उरतो. मतभेद आहे तो बोर्डाबाबत, आणि तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी या गोष्टी एकेक करून बदलता येतात. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसारच हलवायचा, आणि चार वर्षांनी जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा) चांगला बोर्ड बाजारात मिळेल याची शाश्वती नसते. एच६१०वरचे एलजीए१७०० हे सॉकेट २०२१च्या नोव्हेंबरात बाराव्या पिढीबरोबर आले. चौदाव्या पिढीनंतर, ऑक्टोबर २०२४मध्ये, इंटेलने डेस्कटॉपसाठी एलजीए१८५१ आणले. बी६५०वरचे एएम५ हे सॉकेट आले सप्टेंबर २०२२मध्ये. त्यावर रायझनच्या ७०००, ८०००जी आणि ९००० या मालिका आल्या असून २०२७पर्यंत आणि त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवू, असे एएमडीने जाहीर केले आहे. कंपनीच्या शब्दावर डोळे मिटून विसंबू नये, हे खरेच. पण त्याआधीच्या एएम४ सॉकेटचा इतिहास आपल्यासमोर आहे. २०१७मध्ये घेतलेल्या कित्येक बी३५० बोर्डांवर पुढे बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालू लागले, आणि अनेकांनी तसे बदललेही.

यावर आपण म्हणाल की, एच६१०वरही उद्या आय७-१४७०० बसवता येईल. बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो असतो, हे मी नाकारत नाही. पण इथे इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या संगणक बाजारात जाल तेव्हा स्वस्त एच६१० बोर्ड खोक्यातून बाहेर काढायला सांगा आणि सॉकेटच्या डाव्या अंगाला पाहा. तिथे चोक नावाच्या चौकोनी ठोकळ्यांची छोटीशी ओळ असते आणि शेजारी मॉस्फेट या उघड्या चिपा; बहुतेकदा त्यांवर उष्णता शोषणारे हीटसिंकसुद्धा नसते. प्रोसेसरला वीज देणारे हे सर्किट म्हणजे व्हीआरएम. १२४००ची वीज घेण्याची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे, ती हे सर्किट निभावून नेते. १४७००ची मर्यादा २१९ वॅट आहे. इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीपार असताना, तासभर चाललेल्या कामात व्हीआरएम तापते आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच मिळत नाही.

रॅमच्या खर्चाबाबत मात्र आपली तक्रार अगदी रास्त आहे. एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धापासून भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. पण या भाववाढीतून डीडीआर४ही सुटलेली नाही. शिवाय दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने आज घेतलेली डीडीआर४ पुढच्या बोर्डावर बसणार नाही. म्हणून इतक्या महागाईत मी डीडीआर५ची १६ जीबीची एकच स्टिक घ्यायला सांगेन, आणि भाव उतरल्यावर त्याच मॉडेलची दुसरी. यात बँडविड्थ (एका वेळी ने-आण होणारी माहिती) दोन स्टिकच्या निम्मी मिळते, हे माहीत असू द्यावे. ‘डीडीआर५ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनेल (रॅम आणि प्रोसेसर यांच्यात दोन मार्ग)’ असे काउंटरवर सांगितले जाते, ते खरे नाही. एका स्टिकमध्ये ३२-३२ बिटांचे दोन उपचॅनेल असतात, पण एकूण रुंदी ६४ बिटच राहते. संगणकाचे भाग दाखवणारे सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून पाहिले तर तिथे एका स्टिकला २×३२ आणि दोन चॅनेलमधल्या दोन स्टिकना ४×३२ असे दिसते. आठ-आठच्या दोन स्टिक घेण्याचा मोहही टाळावा. डीडीआर५च्या ८ जीबी स्टिकमध्ये सहसा बँक गट (चिपमधील मेमरीचे विभाग) निम्मेच असतात, आणि पुढे चार स्टिक लावल्या तर रायझन ७०००साठी एएमडीने दिलेला ५२००चा वेग ३६००वर येतो.

पुतण्याऐवजी एखाद्या दुकानाच्या टॅलीसाठी संगणक असता, तर मीही एच६१०, साधा १२४०० आणि डीडीआर४च्या आठ-आठच्या दोन स्टिक हेच सुचवले असते. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाला अजून किमान दोन वर्षे कॉलेजची आहेत. अँड्रॉइड स्टुडिओ, इम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की १६ जीबी भरतात, आणि त्यानंतरची त्याची वाट आज कोणालाच ठाऊक नाही. त्याच्यासाठी चार रॅम स्लॉटचा, व्हीआरएमवर हीटसिंक असलेला साधा बी६५० घ्यावा. वायफाय आणि दिव्यांवर पैसे घालू नयेत. ७६००च्या खोक्यात कूलर येतो आणि त्याचे अंगभूत ग्राफिक्स मॉनिटर चालवण्यापुरते पुरेसे आहेत.

एकच स्टिक असेल तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावी. पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्याने) पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड खराब आहे असे समजून मधेच वीज बंद करू नये. दुकानातून निघण्यापूर्वी बायोस उघडून रॅमचा वेग पाहावा. ६०००ची स्टिक ४८००वर चाललेली दिसली, तर तिथेच एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) चालू करून घ्यावे.