बळ्ळारी नाल्याला धनी कोण?

जुलैत बेळगावातल्या वडगावहून काकांचा फोन आला. "नाला परत शिवारात शिरलाय बघ. चार दिवस झाले, भात पाण्याखाली हाय. कुजणार आता." दरवर्षीचंच हे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या ज्या शिवारातल्या बासमतीचं आपण कौतुक करतो, तिथंच हे पाणी तुंबतं.

मी अलास्कात, अँकरेजच्या बंदरावरच्या एका यार्डात काम करतो. यार्डातलं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खाडीत जाण्याआधी तपासायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे काकांचा फोन ठेवला तरी नाला डोक्यातून जात नाही.

इथं वर्षाकाठी पाऊस-बर्फ मिळून पाणी जेमतेम ४०० मिलिमीटर. बेळगावात त्याच्या तिपटीच्या आसपास, तेही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा इथली व्यवस्था उचलून तिकडे नेता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. इथली अडचणच निराळी. टायरची धूळ, डिझेलचे थेंब, घसरू नये म्हणून पसरलेली वाळू, पत्र्यांवरून उतरलेलं जस्त, सगळं हिवाळाभर बर्फाच्या ढिगात साठत राहतं आणि एप्रिलमध्ये ऊन तापलं की एकदम सुटतं. जमीन तेव्हाही गोठलेली, म्हणून पाणी मुरत नाही. गटाराच्या चेंबरची तोंडंही बर्फानं बुजलेली. म्हणून ढीग चेंबरपासून लांब रचायचे, वाळू वेळेत झाडून घ्यायची, चेंबरच्या जाळीतलं गाळणीचं कापड बदलायचं.

आणि बरणी. दर तिमाहीला, पाणी वाहायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, स्वच्छ काचेची बरणी भरून उजेडात धरायची. रंग, वास, गढूळपणा, तळाशी बसलेला गाळ, फेस, तेलाची झाक, जे दिसेल ते लिहून खाली सही करायची. वर्षातला एक नमुना वितळलेल्या बर्फाचा हवाच. झाक दिसली की पाण्याच्या उलट दिशेनं चालत जाऊन कोणतं यंत्र गळतंय ते शोधायचं. पाणी जिथून बाहेर पडतं त्या प्रत्येक तोंडाला नंबर आहे, नकाशावर खूण आहे, आणि त्यासाठी कोणाला धरायचं ते कागदावर लिहिलेलं आहे.

इथं सगळं आलबेल आहे असं नाही. टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून तयार होणारं द्रव्य कोहो जातीच्या सॅमन माशांना मारतं, हे वॉशिंग्टन राज्यातल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. आमच्या बंदराशेजारच्या शिप क्रीक या ओढ्यात कोहो चढतात. माझ्या बरणीत ते द्रव्य असलं तरी डोळ्यांना दिसत नाही, आणि ही गोष्ट मला खुपते.

आता आपल्याकडचं. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ साली कर्नाटकाला दिलेलं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी बेळगावात पोरासोरांना पाठ आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. या गोष्टी मी लहान मानत नाही. आमच्या घरातली माणसं मोर्चात चालली आहेत. पण शहराचं सांडपाणी, गाळ आणि जलपर्णी पोटात घेऊन वाहणारा बळ्ळारी नाला शेवटचा कधी उपसला, कुठवर उपसला, हे काका विचारायला गेले तेव्हा त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं गेलं. शेवटी हातात कागद पडला तो फक्त कन्नडमध्ये. सत्तरीतल्या काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

मराठीत परिपत्रक द्या ही बेळगावातल्या मराठी माणसांची मागणी नुसत्या अस्मितेची आहे असं जे म्हणतात, त्यांनी ती घडी बघावी. माझ्या बरणीच्या नोंदीला वजन आहे, कारण ती मागून कुणालाही वाचता येते. ज्याचं शेत बुडतं त्याला वाचताच येत नसेल, तर तो जाब कशावर बोट ठेवून विचारणार? आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय. उत्तरही त्याच भाषेत मिळायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

मी चुलतभावाला म्हटलं, पुढच्या पावसात तीन ठिकाणी बाटल्या भर. त्यानं फोटो पाठवला: घरच्या कट्ट्यावर तीन बाटल्या, वर चिकटपट्टीवर जागा आणि वेळ. तिसरीच्या तळाशी चार बोटं काळा गाळ. अर्ज मराठीत काकांनी लिहिला, कन्नडमध्ये बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यानं. भात त्याचंही कुजलंय. दोन्ही अर्जांवर दोघांच्या सह्या आहेत.