फक्त खिंडीतून जायचंय, बाबा

माणसाने जावयासोबत डोंगरात जाऊ नये. मुलासोबत जावं, मित्रांसोबत जावं, एकवेळ ऑफिसातल्या साहेबासोबत पण जावं, कारण दम लागला की त्यांना मनातल्या मनात का होईना पण शिव्या घालता येतात. जावयाला काय घालणार? जावयाला फक्त अनारसे घालता येतात, ते पण तीन वर्षांतून एकदा, अधिक महिना आला की.

झालं असं की आम्ही दोघं ग्लासगोला लेकीकडे आलो होतो आणि तिसऱ्या आठवड्यात मी जेवताना जरा जास्त बोललो. म्हणजे राजगड-तोरणा एका दिवसात केला होता ते सांगितलं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो ते सांगितलं (साल सांगितलं नाही, 1994), आणि मग कुठून अवदसा आठवली देव जाणे, म्हणलं तुमच्या स्कॉटलंडचा सगळ्यात उंच डोंगर बेन नेव्हिस 1345 मीटर, आमचा नुसता तोरणा 1403 आहे, कळसूबाई तर 1646, आम्ही याला डोंगर म्हणतच नाही. जावई शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "बाबा, मग शनिवारी ग्लेनकोला जाऊ. चढायचं काही नाही हो, डोंगरावर जायचंच नाहीये. फक्त खिंडीतून जायचंय. सपाट आहे."

खिंड म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी सुचतात, एक तर ती लढवायची नाहीतर बोगद्यातून गाडी घालून टाळायची. तिथे बोगदा नव्हता.

डोंगराचं नाव बुआखल एटिव बेग. याचा मोठा भाऊ शेजारीच उभा आहे, बुआखल एटिव मोर. बुआखल म्हणजे तिथल्या गेलिक भाषेत गुराखी, मोर म्हणजे मोठा आणि बेग म्हणजे लहान. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, म्हणलं सोपं आहे की, हा गुराखी बुद्रुक आणि तो गुराखी खुर्द! आपण खुर्दच्या एका बाजूच्या खिंडीतून आत जायचं, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं आणि दुसऱ्या बाजूच्या खिंडीतून बाहेर यायचं. पहिली लारिग गार्टन, दुसरी लारिग एल्ड, लारिग म्हणजेच खिंड. एकूण 16 किलोमीटर. डोंगर कायम उजव्या हाताला. "म्हणजे प्रदक्षिणाच की," ही म्हणाली आणि तिने लगेच थालीपिठं लावायला घेतली. स्वतः येत नव्हतीच, गुडघे. पुण्य अर्धं अर्धं करू म्हणाली.

ग्लासगोपासून दोन-सव्वादोन तास गाडी. वाटेत जावयांनी हिशोब सांगितला. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये नियम काढून ठेवलाय, दर तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे 16 किलोमीटरचे सव्वातीन आणि चढाईचा एक धरून साधारण साडेचार तास. मी म्हणलं चढाई? कसली चढाई? सपाट ना? तर म्हणे "दोन्ही खिंडी मिळून सहाशे-सातशे मीटर होईल, पण जाणवत नाही हो." सहाशे-सातशे मीटर म्हणजे पायथ्यापासून सिंहगड! सिंहगड जाणवत नाही? पण जावयाला उलटं बोलता येत नाही म्हणून मी खिडकीतून मेंढ्या बघितल्या.

सुरुवातीला भारी होतं हं. खोटं कशाला बोला. दोन्ही बाजूंना एकदम भिंतीसारखे उभे डोंगर, मध्ये कूपल नावाची छोटी नदी, ढग अर्ध्यावर टेकलेले, अंगावर येणारं वारं, आणि माणूस म्हणून कोणी नाही. जावई सांगत होते की हे सगळं एका प्रचंड ज्वालामुखीचं उरलेलं तोंड आहे, 42 कोटी वर्षांपूर्वीचं. मी लगेच म्हणलं आमचा सह्याद्री पण लाव्हाचाच आहे, घरचाच दगड आपला. तर म्हणे तो साडेसहा-सात कोटींचा. म्हणजे याच्यापुढे पार पणतू निघाला. मी गप्प बसलो आणि तेवढ्यात माझा उजवा पाय गेला.

गेला म्हणजे गेलाच. वरून छान हिरवंगार मऊ गवत दिसत होतं, त्यावर पाय ठेवला आणि तो गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आत. पच्च. मग आतून थंडगार पाणी बुटात शिरताना गुळ्ळ गुळ्ळ असा आवाज आला तो मला अजून झोपेत येतो. याला बॉग म्हणतात. आपल्याकडे भाताची खाचरं असतात, चिखलणी करतात, पण खाचर बिचारं सपाट असतं आणि त्याला बांध असतो, माणसाला कळतं की इथून पुढे चिखल. इथे उतारावर खाचर! पाणी खाली वाहून का जात नाही विचारलं तर जावई म्हणाले ते शेवाळं असतं ना, ते स्पंजसारखं स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं, आणि खाली न कुजलेलं गवत-शेवाळं हजारो वर्षं साठत साठत त्याचं पीट होतं. हे ते मला पाय ओढून काढताना सांगत होते. पाय आला, बूट आला नाही. मग जावयांनी कोपरापर्यंत हात घालून माझा बूट काढला. सासऱ्याचा बूट! त्यात बूट पण त्यांचेच, जुने, एक नंबर मोठे, म्हणून तर निसटला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की लग्नात ज्यांचे बूट लपवून आमच्या पोरींनी पैसे उकळले होते ते हेच बूट असावेत असं उगाच वाटून गेलं.

त्यानंतर मी दगडावरून दगडावर उड्या मारत चाललो. मग डावा पण गेला. मग मी उड्या बंद केल्या, कारण आता वाचवायला काही शिल्लक नव्हतं.

आपल्याकडे डोंगरात परत फिरायला किती सोयी असतात याची मला कधी कदर नव्हती. एक तर वाटेत ताकवाली मावशी असते, तिच्याजवळ बसलं की अर्धा तास जातो, मग कांदाभजी, मग कोणीतरी म्हणतंच की अहो आता अंधार पडेल. ही फार इभ्रतीची सबब आहे, कोणाचाच अपमान होत नाही. इथे सोळा किलोमीटरमध्ये ताक सोडा, एक टपरी नाही, आणि जुलै महिना, सूर्य मावळतो रात्री दहाच्या आसपास! मी दुपारी दोन वाजता आकाशाकडे बघून म्हणलं, उशीर नको व्हायला. जावई म्हणाले "भरपूर वेळ आहे बाबा, आठ तास उजेड आहे." वरून ती पहिली खिंड लागली तेव्हा कळलं की ती पाचशे मीटरच्या आत आहे. एवढं सगळं करून पाचशे पण नाही. तोरण्याचं नाव मी परत काढलं नाही.

पलीकडे उतरताना जावयांनी ग्लेनकोचा इतिहास सांगितला. 1692 साली सरकारी सैनिक इथल्या मॅकडॉनल्ड लोकांकडे पाहुणे म्हणून राहिले, जवळजवळ दोन आठवडे त्यांच्या घरी जेवले-झोपले आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे उठून त्याच यजमानांना मारलं. अडतीसेक माणसं गेली, जी बर्फात डोंगरात पळाली त्यातली पण कित्येक गारठून मेली. मी ऐकून सुन्न झालो. पण सांगून झाल्यावर जावई जरा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मला आठवलं की आम्हाला पण त्यांच्याकडे जेवायला तीन आठवडे झालेत. म्हणलं, आज भांडी मी घासतो.

खाली डॅलनेसला एटिवच्या खोऱ्यात उतरलो, सगळी कमावलेली उंची मातीमोल करून. आणि तिथे वारा पडला. सकाळपासून मी त्या वाऱ्याला नावं ठेवत होतो, कान दुखतात, टोपी उडते, तो पडला तेव्हा मी चक्क "हुश्श" म्हणलं. जावयांचा चेहरा मात्र उतरला. "बाबा, पटकन डबा खाऊन निघू. मिज येतील."

मिज म्हणजे चिलटं. आकाराने मिलिमीटर-दोन मिलिमीटर. वारं असलं की उडता येत नाही त्यांना, म्हणून दिवसभर गवतात बसून वाट बघतात. चावतात फक्त माद्या आणि त्या आपल्या श्वासावर येतात, म्हणजे जितका माणूस दमलेला तितका वास दणदणीत. त्या हिशोबाने मी तर पंगतीचं आमंत्रणच होतो. पहिलं एक आलं, मग दहा, आणि मग हवाच काळी झाली. केसांत, भुवयांत, कानात. जावयांकडे डोक्यावरून घ्यायची जाळी होती, एकच, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः फवारा मारून हात झटकत उभे राहिले. मी जाळी घालून दगडावर बसलो, डबा उघडला, थालीपीठ तोंडाकडे नेलं आणि ते जाळीला थडकलं. मध्ये अंतरपाट! इकडे मी, तिकडे थालीपीठ, मुहूर्त टळत चाललेला. शेवटी जाळी हनुवटीपाशी दोन बोटं उचलून आतून घास सरकवला, तर घासाबरोबर पन्नासेक जणी आत आल्या आणि आता त्यांना बाहेर जाता येईना. दुसऱ्या घासाला पाहिलं तर थालीपिठावर तीळ. ही थालीपिठाला तीळ लावत नाही.

मी खाल्लं. तुम्ही काय करणार होता?

दुसरी खिंड म्हणजे सरळ चढ. लारिग एल्ड, हरिणींची खिंड. हरिणींना काय, चार पाय असतात. मी शंभर पावलं मोजायचो आणि थांबून म्हणायचो "वा, काय व्ह्यू आहे!" जावई पण सज्जन माणूस, दर शंभर पावलांवर ते पण व्ह्यू बघायचे. सत्तावीस वेळा व्ह्यू बघून आम्ही वर पोचलो. नेस्मिथचे साडेचार तास कधीच संपले होते, त्या माणसाने बहुतेक सासऱ्याला कधी बरोबर नेलं नसावं.

उतरताना ओढा आडवा आला. पूल नाही. पाणी मांडीपर्यंत नसेल पण गुडघ्याच्या वर नक्की, आणि वेग चांगला होता. जावयांनी सगळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि जरा अवघडून म्हणाले, "बाबा, पाठीवर घेऊ का?"

पाठीवर! जावयाच्या! आमच्या सात पिढ्यांत कोणी जावयाच्या घरचं पाणी प्यायला पण तयार नव्हतं. मी म्हणलं "छे छे, अहो सवय आहे मला," आणि बूट सकाळपासून भिजलेलेच होते म्हणून तसाच शिरलो सरळ, काठी रोवत रोवत, पाण्याकडे तोंड करून, कोकणातले ओढे असेच उतरतो आपण. पाणी इतकं गार की पाय आहेत की नाही तेच कळेना, पण पलीकडे पोचलो. जावई शिकलेले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, बूट गळ्यात अडकवले, पॅन्ट दुमडली, अनवाणी एका गुळगुळीत दगडावर पाय ठेवला आणि पाण्यात बसले.

पडले नाहीत हो, बसले. अगदी पाट मांडून ठेवल्यासारखे. मांडी घालून, पाणी छातीपर्यंत, गळ्यात बूट.

आता इथे माझी खरी परीक्षा. हसू तर पोटातून उसळतंय, आणि जावई पाण्यात बसून माझ्याकडे बघतायत. हसलो तर संपलं. म्हणून मी घाईघाईने फोन काढला, तोंडासमोर धरला, आणि "वा, काय व्ह्यू आहे" म्हणत खांदे हलेपर्यंत डोंगराचे फोटो काढत राहिलो. मग हात देऊन बाहेर काढलं त्यांना. दोघंही काही बोललो नाही. हायवेला लागल्यावर गाडीपर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर उरले होते तेव्हा जावई हळूच म्हणाले, "हे घरी नको सांगायला." मी म्हणलं "काय घरी नको सांगायला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाला सहा वर्षं झाली पण आमचं नातं मला वाटतं त्या मिनिटाला जुळलं.

घरी पोचलो, आंघोळी झाल्या, मी शब्दाला जागून भांडी घासली. हिने विचारलं, "सपाट होतं का?" मी म्हणलं, "तसं सपाटच." मग पाय गरम पाण्यात सोडून बसलो आणि फोटो टाकले ग्रुपवर. ट्रेकवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचे होते, चष्मा नव्हता, घरच्या ग्रुपवर गेले. आधी काही कळलं नाही. मग मेहुण्याचा मेसेज आला, "ताम्हिणी का? पाऊस झालेला दिसतोय." मग माझ्या बहिणीचा, "नाही हो, ताम्हिणीला एवढी कमी गर्दी कुठली." मी खूश होऊन ग्लेनको टाइप करतच होतो तेवढ्यात मेहुण्याचा दुसरा, "दाजी, तिसऱ्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात गळ्यात बूट घालून आंघोळीला कोण बसलंय?"

आणि आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "अहोऽऽ, जरा इकडे या बघू."