टॉवर नको, रेंज हवी

आपल्या गोव्यातल्या गावात मोबाईलचा टॉवर येतोय अशी कुणकुण लागली की पहिले काम, विरोधाचा व्हॉट्सॲप गट काढा. घरात रेंज नसेल तर गच्चीवर जा, माडाकडच्या कोपऱ्यात उभे राहून हात वर करा. दोन काड्या दिसल्या की 'टॉवर हटाव' पाठवून द्या.

मग रविवारची ग्रामसभा. मासळी आणून झाली की निघा आणि पुढची खुर्ची धरा. बोलताना 'किरणोत्सर्ग' हा शब्द तीनदा तरी यायला हवा. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या गटात घातले, हे ठासून सांगा. त्याच गटात आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्याही आहेत, हे मात्र सांगू नका. सभेला आलेल्या निम्म्या बायकांच्या घरी लोणच्याच्या बरण्या आहेत.

एखादा इंजिनिअर झालेला भाचा उठेल. म्हणेल, आपल्या देशाने २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांशावर आणली आहे, आणि रेंज कमी असली की खिशातला फोनच जास्त जोर लावतो. त्याला एवढेच विचारा, "बाबा, तुझ्या गच्चीवर घालतोस?" तो गप्प बसेल. बसला नाही तर त्याच्या आईकडे बघा.

'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर चार हजार रुपये भरले की टॉवरच्या लहरी मोजून मिळतात. त्या भानगडीत अजिबात पडू नका. मोजले की आकडा येतो, आणि आकडा आला की भीतीची मजा जाते.

खासगी जागेत टॉवर उभारायला पूर्वसूचना आणि मजबुतीचा दाखला पुरे, असे केंद्राने २०२२ मध्येच नियमात घातले, ही माहिती पंचायतीचे सचिव हळूच देतील. तेव्हा आवाज चढवा. १९६७ च्या जनमत कौलात आपण महाराष्ट्रात विलीनीकरण नाकारले, तरी दूरसंचारवाल्यांच्या नकाशात गोवा अजून महाराष्ट्र सर्कलमध्येच, म्हणजे त्यांच्याच सेवाविभागात आहे, हे सांगा. टॉवरशी याचा काडीचा संबंध नाही, पण टाळ्या हमखास.

जागा सुचवा म्हणाले तर सुचवा की. शाळेजवळ नको, देवळाजवळ नको, कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत नको, वाड्यावर तर नकोच. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर? चालेल म्हणा, आणि ते सड्यावर पोचले की सड्यावरच्या रानफुलांसाठी दुसरा अर्ज घाला. कोणी माडाच्या वेषातला टॉवर सुचवला तर कायदेशीर पेच टाका. आपल्याकडे २०१६ मध्ये माड कायद्याने झाड राहिला नव्हता आणि २०१७ मध्ये तो परत झाड होऊन थेट राज्यवृक्ष झाला. मग लोखंडी माड कोणत्या वर्षाचा धरायचा? या एका प्रश्नावर सभा जेवणापर्यंत ओढता येते.

भाषणाच्या शेवटी २०२० ची आठवण काढा. सत्तरी-सांगे तालुक्यांतली मुले ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढून जायची. इथे गळा दाटून येऊ द्या, "आमच्या मुलांचे भवितव्य" म्हणा आणि त्याच दमात टॉवरविरोधी ठरावाला हात वर करा. हात वर करायची सवय गच्चीवर झालेलीच आहे.

खरे दुखणे आपल्यातच राहू द्या. टॉवर शेजाऱ्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत येतोय आणि भाडे त्याला मिळणार आहे. चवथीला तो नवी गाडी दारात लावील, ती तुम्हाला रोज बघावी लागेल. ही बाधा कोणत्याही यंत्रावर मोजता येत नाही.

आणि ठराव झाल्यावर कंपनीचा माणूस तुमच्याच दारात आला तर? आधी चहा करा, मग भाडे विचारा. जुना अर्ज फाडू नका, मजकूर बराचसा तोच चालतो. 'आरोग्यास घातक' खोडून 'विकासास पोषक' लिहा. 'आमच्या मुलांचे भवितव्य' मात्र आहे तसेच ठेवा. आणि भाच्याला जेवायला बोलवा, त्याला ते दशांशाचे नीट समजावता येते.