तर्री आणि शिराझ

जावई कितीही गुणी असो, त्याने एप्रिल महिन्यात विदर्भात येऊ नये. आमचे जावई नाशिककडच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाईनची चव समजावून सांगतात. लग्न जमवताना सोयऱ्याधायऱ्यांत आम्ही 'द्राक्षांच्या धंद्यात आहेत' एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तर हे जावई डिकीत खोकं घालून समृद्धी महामार्गाने आमच्या गावी आले. आमचा जिल्हा अमरावती म्हणून निभावलं. उतरायचा फाटा हुकला असता तर पुढे वर्धा, आणि तिथे दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण हा नकाशा माझ्या दहावी नापास विद्यार्थ्यांना माझ्याहून पक्का येतो.

"मामाजी, आज आपण फूड पेअरिंग करू," जावई म्हणाले. म्हणजे कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन जमते ते पाहायचं. जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा रटरटत होता आणि त्यावर बोटभर तर्री आली होती.

पहिला घोळ तापमानाचा झाला. रेड वाईन म्हणे रूम टेंपरेचरला द्यायची. आमच्या रूमचं टेंपरेचर कूलर लावूनही पस्तिशीच्या खाली येईना. जावयांनी खुलासा केला की ही रूम युरोपातली धरायची, सोळा-अठरा अंशांची. फ्रीज होता, पण लाइन गेली होती. शेवटी बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, बादलीत घातल्या आणि बादली विहिरीत सोडली. भर दुपारी निवृत्त मास्तर आणि त्याचा जावई विहिरीत वाकून दोर धरून उभे आहेत, हे दृश्य गावाने दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं.

"गुरुजी, काय सोडून राह्यले विहिरीत?"

"काही नाही, जावईबापूंचं औषध आहे," मी म्हणालो. संध्याकाळी त्या औषधाला ओसरीवर माणसं मावेनात.

जावयांनी पेले मांडले आणि पहिला नियम सांगितला: चाखण्याआधी तोंड स्वच्छ हवं. ओसरी गप्प झाली. प्रत्येकाच्या गालात सकाळपासूनचा सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, आणि तो अर्ध्यात टाकणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. तरी एकेक जण अंगणात जाऊन आला. दुसरा नियम त्याहून कठीण निघाला. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा, कारण चाखणाऱ्याला एका बैठकीत बऱ्याच वाइनी चाखायच्या असतात, सगळ्या गिळल्या तर शेवटच्या बाटलीपर्यंत शुद्ध राहायची नाही. आता थुंकण्याच्या कलेत आमच्या गावाला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही. तुळशीवृंदावन चुकवून नाली गाठणारे हे लोक. पण त्या दिवशी एकानेही नेम धरला नाही. "खर्रा थुकला ना आता! हे काहून थुकाचं?"

मग पेला गोल फिरवून त्यात नाक घालायचं. शेजारचे आबा अवघडले. "मोहाची आमी नाक दाबून पेतो, अन् हे नाक घालून प्याची?"

संत्रावाल्यांना वासापेक्षा भावात रस होता. वाईनचं द्राक्ष वेगळं असतं, लहान, जाड सालीचं, बियांचं. युरोपात ते साधारण सप्टेंबरच्या आसपास तोडतात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये, हे जावयांनी मन लावून सांगितलं. त्यावर वरुडकडच्या आमच्या पाहुण्यांनी एकच विचारलं: "द्राक्षाच्या वाईनीसाठी सरकारनं २००१ ला धोरण आनलं, मंग आमच्या संत्र्याचं काय?" सिंचनाचा अनुशेष झाला, रस्त्यांचा झाला, आता वाईनचा अनुशेषही निघाला. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. तेवढ्यात एक बाटली चाखण्याच्या शास्त्राबाहेर, गुपचूप संपली.

माझी पाळी आली. "मामाजी, काय जाणवतं? प्लम? ब्लॅकबेरी?" ही फळं मी आयुष्यात चाखलेली नाहीत. मला जाणवत होतं ते एवढंच, की समोरच्या ओट्यावरून हरिपाठाची मंडळी माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहत आहेत. "तुरट आहे," मी म्हणालो. ते टॅनिन, जावई म्हणाले, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. आबांनी जीभ टाळूला लावून पाहिली. "माही शुगरची जांभळाच्या बियाची भुकटी अशीच लागते. तिच्यात पैसे कमी लागतेत."

सांबारवड्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचं, ताट घेऊन ही बाहेर आली. "मामीजी, पिऊ नका, नुसता वास तर घ्या," जावई म्हणाले. हिने पदर सावरला, पेल्यावर जेमतेम वाकली आणि म्हणाली, "ढोबळी मिरची. आत्ताच चिरलेली." जावयांनी पेला खाली ठेवला. ती सोव्हिन्यों ब्लां नावाची पांढरी वाईन होती, आणि तिच्यात व ढोबळ्या मिरचीत पायराझिन नावाचा एकच वासाचा घटक असतो. मग शिराझ या लाल वाईनचा पेला पुढे केला. "मिरे," ही म्हणाली. तेही बरोबर! काळ्या मिऱ्यात जो रोटंडोन, तोच शिराझमध्ये. जावई म्हणाले, हे ओळखायला लोक फी भरून शिकतात. "ज्याले फोडनीचा वास कळते त्याले हा नाई कळनार काय?" असं म्हणून ही आत गेली. माझ्या मते त्या दिवशीची परीक्षा तिथेच संपायला हवी होती.

पण शिराझ आणि मटण राहिलं होतं. लाल मांसाला लाल वाईन, असा दंडक आहे. दंडक करणाऱ्याच्या मटणावर तर्री नसावी. जावयांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, वर शिराझचा घोट घेतला आणि त्यांचे कान पाहता पाहता वाईनच्या रंगाचे झाले. तिखटपणा दारूत विरघळतो खरा, पण वाईनमध्ये दारू असते तेरा-चौदा टक्के. तेवढीने मिरची धुतली जात नाही, उलट भडकते, आणि टॅनिन त्यावर आणखी ओरखडे काढतं. हे सगळं जावयांनी गुळाचा खडा तोंडात धरून, डोळे पुसत, अतिशय शास्त्रशुद्ध सांगितलं.

जमलं ते भलतंच. विहिरीत गार झालेली, किंचित गोडसर शेनिन ब्लां पाटोडीच्या रश्श्याबरोबर अशी बसली की ओसरीवर पहिल्यांदाच कोणी बोलेना. गोडवा तिखटाला आवरतो. तळलेल्या सांबारवडीबरोबर बुडबुड्यांची स्पार्कलिंग तर फारच चांगली. तिचा आंबटपणा तोंडातलं तेल कापत जातो. जावयांनी दोन्ही जोड्या वहीत टिपल्या. "पन चढली नाई," आबांनी जाता जाता शेरा मारला. तोही त्यांनी टिपला.

जावई गेले, बाटल्या राहिल्या. गुरुजींच्या घरच्या बाटल्या उकिरड्यावर टाकता येत नाहीत. मी भंगारवाल्याला मागच्या दाराशी बोलावलं, हळू आवाजात. त्याने एक बाटली उचलून उन्हात धरली, लेबल वाचायचा प्रयत्न केला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, ह्याले गिऱ्हाईक नाई. देशीच्या असतीन त काढा बाहीर!"