‘राइज टाइम आणि ६० डीबी बघा, बाकी सोडा’ हा सल्ला चुकीचा का आहे

मायक्रोवेव्ह सिग्नल जनरेटर (चाचणीसाठी सिग्नल तयार करणारं उपकरण) निवडताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘पल्स मॉड्युलेशन म्हणजे कॅरियर (मूळ अखंड लहर) चालू-बंद करणं. राइज टाइम (पल्सची कड चढायला लागणारा वेळ) १० नॅनोसेकंदांच्या आत आणि ऑन/ऑफ रेशो (‘चालू’ आणि ‘बंद’ पातळीतला फरक) ६० डीबी असला की झालं. पॉवर सेट केलेलीच असते, आणि स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल, तो आलेख) नीट दिसला की पल्स नीट.’ हा सल्ला ऐकून रडारच्या रिसीव्हरची चाचणी घेणारी माणसं दिवसच्या दिवस भलत्याच जागी दोष शोधत बसतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

‘६० डीबी पुष्कळ झाले.’ हा दावा सगळ्यात फसवा आहे. १ मायक्रोसेकंदाचा पल्स दर मिलिसेकंदाला एकदा येतो असं धरा. ड्युटी सायकल, म्हणजे एकूण वेळातला ‘चालू’ वाटा, ०.००१. स्पेक्ट्रममधली मधली (कॅरियरच्या फ्रिक्वेन्सीची) रेषा पल्सच्या शिखरापेक्षा २० लॉग ०.००१, म्हणजे ६० डीबीने खाली असते. आता ‘बंद’ काळात गळणारा कॅरियरही ६० डीबीनेच खाली आहे, आणि तो जवळपास सतत चालू आहे. म्हणजे मधल्या रेषेवर पल्स आणि गळती तुल्यबळ! दोघांची फेज जुळली तर रेषा ६ डीबीने वर जाते, उलट पडली तर जवळजवळ नाहीशी होते. डेटाशीटवरचे ८० डीबी दिखाऊ नाहीत: तेवढे असतील तर याच पल्समध्ये गळती त्या रेषेच्या २० डीबी खाली राहते. ड्युटी सायकल आणखी कमी असेल तर तेही अपुरे पडू शकतात.

‘पॉवर सेट केलेलीच असते.’ ती धरून ठेवायचं काम एएलसी लूप (ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल: आउटपुट मोजून पॉवर सुधारत राहणारं सर्किट) करतो, आणि त्याला स्थिरावायला वेळ लागतो. अनेक जनरेटरांत साधारण १ मायक्रोसेकंदापेक्षा अरुंद पल्सवर हा लूप विश्वासाने चालत नाही. मग तो बंद ठेवून पॉवर आधी जुळवून घ्यावी लागते, आणि तापमान बदललं की पुन्हा. डेटाशीटमध्ये लेव्हलची अचूकता किती पल्सरुंदीपर्यंत दिली आहे, ते आधी वाचा.

‘राइज टाइम बघा, बास.’ चढत्या कडेचा विलंब ६० आणि उतरत्या कडेचा ४५ नॅनोसेकंद असेल, तर १०० नॅनोसेकंदांचा हुकूम दिल्यावर बाहेर ८५ चाच पल्स येतो. दोन्ही कडा कितीही धारदार असोत. शिवाय ओव्हरशूट (कडेवर पातळीच्या वर जाणारी उसळी), रिंगिंग (त्यानंतरची थरथर), जिटर (कडेच्या वेळेतली चलबिचल) यांपैकी काहीच त्या एका आकड्यात नसतं. रडारमध्ये १ नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर, त्यामुळे जिटर थेट अंतराच्या मोजणीत उतरतो. व्हिडिओ फीडथ्रूही पाहायला हवा: कॅरियर चालू-बंद करणाऱ्या स्विचला चालवणाऱ्या पल्सचाच अंश आउटपुटला येतो. तो कमी फ्रिक्वेन्सीला असल्यामुळे कॅरियरभोवती बघणाऱ्याला दिसत नाही. पुढचा वाइडबँड डिटेक्टर (सिग्नलच्या पातळीचं व्होल्टेज करून देणारा भाग) मात्र तो बिनचूक पकडतो.

‘स्पेक्ट्रम नीट तर पल्स नीट.’ नाही. अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर फक्त मोठेपणा दिसतो, फेज नाही. सुरुवातीला ओव्हरशूट असलेला पल्स आणि त्याचंच काळात उलटवलेलं रूप, दोघांचा हा आलेख अगदी सारखा येतो. लोब (स्पेक्ट्रममधले दोन्ही बाजूंचे उंचवटे) एका बाजूला उंच असतील तर पल्सच्या दरम्यान फेज सरकते आहे, एवढी खूण तिथे मिळते, आणि ती उपयोगीही आहे. पण आकार पाहायचा तर डिटेक्टर आणि स्कोप (ऑसिलोस्कोप) लागणारच.

तिथेही एक सावधगिरी. डिटेक्टरचा रोध १ किलोओहम आणि केबलची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असेल, तर १०० नॅनोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट तयार होतो आणि उतरती कड लांबट दिसते. दोष जनरेटरच्या माथी मारला जातो. स्कोपवर ५० ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाला जोडायचा रोध) लावा; सिग्नल लहान होईल, पण कड खरी दिसेल. आणि डिटेक्टरचा स्वतःचा राइज टाइम १० नॅनोसेकंद असेल, तर ५ नॅनोसेकंदांची कडही सुमारे ११ चीच दिसते, म्हणून मोजमाप लिहून ठेवण्याआधी डिटेक्टरचा वाटा वजा करा: साधी वजाबाकी नाही, वर्गांची.