‘गणितात लिहायचं काय?’ विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. गणिताच्या तासाला मुलांकडून ‘कसा विचार केला’ ते शब्दांत लिहून घेण्याला त्याचा विरोध असतो. सारांश असा: गणित हा सोडवायचा विषय, त्यात डायरी कसली? तेवढ्या वेळात मुलं दहा उदाहरणं जास्त सोडवतील. गणिताची भाषा चिन्हांची आहे, लिहिण्यानं फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, भाषा कच्ची असलेल्या मुलांवर हा अन्याय आहे, आणि शिक्षकांनी तपासायचं तरी किती?

दहा उदाहरणं होतील, खरंय. पण कुठल्या रीतीनं? ५२ वजा २८ चं उत्तर ३६ काढणारं मूल घ्या. वहीत फुली पडते, मूल फळ्यावरचे २४ उतरवून घेतं, विषय संपतो. त्याच मुलाला ‘तू काय केलंस ते दोन ओळींत लिही’ म्हणा. ते लिहितं, ‘२ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधून २ वजा केले. ५ मधून २ गेले ३.’ म्हणजे हा धांदरटपणा नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम त्याच्या डोक्यात पक्का बसलाय आणि ते तो प्रामाणिकपणे पाळतंय. त्याला आणखी दहा वजाबाक्या दिल्या तर चुकीचाच नियम दहादा घोटला जाईल. तोंडी विचारूनही हे कळेल, पण भरल्या वर्गात प्रत्येकाला विचारायचं कधी?

आणि लिहिताना मूल स्वतःच अडखळतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणाऱ्याला ‘उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त यायला हवं की कमी, आणि का?’ एवढंच लिहायला सांगा. २/५ अर्ध्याहून कमी आहे हे त्याच्याच वाक्यात उघडं पडतं. तिथून पुढे समान छेदाची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

चिन्हांची भाषा? नवव्या शतकात बगदादमधल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं बीजगणित मांडलं ते पूर्णपणे शब्दांत. बरोबरचं चिन्ह (=) तर रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली आणलं. चिन्हं हा विचाराचा संक्षेप आहे. मुळात विचारच नसेल तर संक्षेप कशाचा करणार?

‘सिद्ध झालेलं नाही’ हे मात्र साफ चूक. स्टीव्ह ग्रॅहम हे शिक्षण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि गणित या विषयांतल्या ५६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लेखनानं शिकणं सुधारतं, असं त्यात दिसलं. परिणामाचा आकार (लिहिणाऱ्या आणि न लिहिणाऱ्या गटांतला फरक किती मोठा, हे सांगणारा आकडा) सरासरी ०.३०, म्हणजे चमत्कार नव्हे, पण सोडून देण्याजोगाही नाही. २००४ सालच्या अशाच एका आढाव्यात आणखी कामाची गोष्ट आढळली: स्वतःच्या समजेकडे पाहायला लावणाऱ्या प्रश्नांमुळे फायदा वाढला, आणि लेखन लांबलचक असेल तिथे तो घटला. म्हणून ‘मला गणित का आवडतं’ यावर पानभर लिहून घेणाऱ्यांवर मेसेजवाले चिडत असतील तर मीही त्यांच्या बाजूनं आहे. सराव थांबवा असंही कुणी म्हणत नाही.

भाषेचा मुद्दा गंभीर आहे. शुद्धलेखनाचे गुण कापले तर अन्याय होईलच, म्हणून ते कापायचे नाहीत. मुलानं घरच्या बोलीत लिहावं, बाण काढावेत, आकृतीशेजारी चार शब्द टाकावेत. विचार दिसला की झालं. उलट, भाषा कच्ची असलेलं मूल वर्गात हात वर करत नाही, त्याला वहीत तरी बोलता येतं.

तपासणीचं म्हणाल तर सगळ्या वह्या रोज पाहायच्याच नाहीत. तास संपताना एकच प्रश्न द्यायचा, तीन ओळींची मुभा ठेवायची, चार-पाच वह्या चाळायच्या आणि त्यात सापडलेली चूक, नाव न घेता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर सोडवायला घ्यायची.