आर्मेरोही कापसाचंच गाव होतं

कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीच्या १९८५ च्या उद्रेकावरचा एक लेख रात्री वाचला आणि झोप उडाली. लेखात एक गोष्ट राहिली. त्या उद्रेकात गाडलं गेलेलं आर्मेरो हे कापसाचं गाव, तिकडे त्याला 'पांढरं शहर' म्हणायचे. आम्ही चोपड्याकडचे, दिवाळीनंतर पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असते, म्हणून फारच जिवाला लागलं. त्यांची माती ज्वालामुखीचीच देणगी, आणि आपली काळी कसदार जमीनही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचीच.

माणसं मेली ती लाव्ह्याने नाही. शिखरावरचं बर्फ वितळलं आणि राख-दगडांसह चिखलाचा लोंढा नदीपात्रातून उतरला. १३ नोव्हेंबरला रात्री नऊनंतर उद्रेक झाला, लोंढा गावात शिरला साडेअकराच्या सुमारास. मधे दोन तासांहून जास्त वेळ होता हो! धोक्याचा नकाशाही महिनाभर आधी तयार होता. दुपारपासून राख पडत होती, तरी लोकांना घरातच थांबायला सांगितलं. सुमारे २३,००० जीव गेले.

तापीला पाणी सोडणार असले की आमच्याकडे दवंडी पिटतात, काठावरची गुरं आणि पाणी उपसायच्या मोटारी रातोरात वर आणतात. तशी एक हाक वेळेवर पोचली असती, तर टेकड्या जवळच होत्या.